तुम्ही विचारलंत म्हणून : द्राक्षांच्या ऐन हंगामात आम्ही समुद्रावर का जातो

"निफाडची बाग सोडून जानेवारीत तुम्ही दोघेच कोकणात कसे जाता, आणि तेही दर वर्षी त्याच गावी?" हा प्रश्न मला भावकीत, लग्नकार्यात आणि भाजीबाजारातसुद्धा विचारला जातो. दर वेळी घाईत काहीतरी उत्तर देऊन मी निघते आणि मग मला चुटपुट लागून राहते, म्हणून या खेपेस सविस्तर लिहीत आहे.

आमच्याकडची थंडी वर्तमानपत्रात पाच-सहा अंशांच्या आकड्याने छापून येते, पण द्राक्षवाल्याला ती घडावर दिसते. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर वाढलेल्या मण्यांत डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास पाणी उतरू लागते आणि नेमक्या त्याच दिवसांत पहाटे पारा घसरला, तर फुगलेल्या मण्यांना तडे जातात. वर्षभराचा खर्च त्या मण्यांत अडकलेला असतो. म्हणून रात्री ओळींमधून शेकोट्या पेटवायच्या, धूर बागेवर धरून ठेवायचा आणि विहिरीचे पाणी हवेपेक्षा उबदार असते म्हणून पहाटे ठिबक चालू करायचे, असा आमचा हिवाळा असे. आधी हे जागत आणि दोन वाजता मला उठवत. लग्नानंतरचे सत्तावीस हिवाळे आम्ही असे काढले. एकाच घरात राहून त्या दोन महिन्यांत आमचे बोलणे "उत्तरेची विझली का?" आणि "चहा झाकून ठेवला आहे" एवढ्यावर येत असे. मुलगा आणि सून बाग पाहू लागले, तेव्हा माझ्या मनात पहिली इच्छा आली ती ही, की एक तरी जानेवारी उबेत काढावा आणि तो यांच्याबरोबर काढावा.

पहिल्या वर्षी आम्ही चूक केली. एका यात्रा कंपनीबरोबर चार दिवसांत सात ठिकाणे पाहिली. गाडीतून उतरायचे, फोटो काढायचे आणि पुन्हा गाडीत बसायचे, असे चालले होते. समुद्राकाठी सलग अर्धा तास बसायला मिळाले नाही, आणि रात्री खोलीच्या खिडकीतून शेजारच्या इमारतीची भिंत दिसे. घरी आल्यावर यांनी एवढेच म्हटले, की आपण फिरलो, पण थांबलो कुठे नाही. पुढच्या वर्षापासून आम्ही मालवणजवळच्या देवबागला एकाच घरी दहा दिवस राहू लागलो.

देवबाग ही समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामधली जमिनीची अरुंद पट्टी आहे. पूर्वेला नदी आणि पश्चिमेला अरबी समुद्र असल्यामुळे सूर्य नदीवर उगवताना पाहायचा आणि समुद्रात मावळताना पाहायचा, आणि दोन्हींसाठी चालायचे ते माडांच्या बागेतून थोडेसेच. आमच्याकडे कोरड्या हवेत आणि निरभ्र आकाशाखाली रात्री जमीन झपाट्याने निवते. इथे समुद्र दिवसाची उष्णता सहजासहजी सोडत नाही. त्यामुळे जानेवारीतही दुपारी तीस-बत्तीस अंश आणि रात्री वीसच्या आसपास, एवढाच फरक राहतो. यांची हाताची बोटे घरी सकाळी आखडलेली असतात. तिथे चौथ्या-पाचव्या दिवसापासून सदऱ्याची गुंडी ते स्वतः लावतात.

दिवस कसा घालवता, असेही लोक विचारतात. आम्ही वाऱ्याच्या वेळापत्रकाने चालतो. शाळेच्या भूगोलात शिकलेले मतलई आणि खारे वारे मला तिथे, पन्नाशी उलटल्यावर, खऱ्या अर्थाने कळले. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तेव्हा पाणी परातीसारखे सपाट असते, म्हणून होडीने जायचे तर सकाळीच. दुपारी वारा फिरतो, समुद्राकडून खारे वारे येऊ लागतात आणि लाटांना जोर चढतो. त्या वेळी माडाखाली पडून राहावे. सिंधुदुर्ग किल्ल्यावर आम्ही नेहमी पहिल्या होडीने जातो. शिवाजी महाराजांनी 1664 साली कुरटे बेटावर त्याचे बांधकाम सुरू केले. सभोवती खारे पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. ज्यांचा जन्म बोअरला पाणी लागते की नाही या काळजीत गेला, त्या माणसाने साखरबावेच्या काठावर वाकून किती वेळ पाहत राहावे याला मर्यादा नसते. मी तोवर शिवराजेश्वराचे दर्शन घेऊन येते.

आम्ही दोघे माळकरी असल्यामुळे मासे खात नाही, आणि मग कोकणात जाऊन खाता काय, हा प्रश्न हटकून येतोच. घावणे, काळ्या वाटाण्याचे सांबार, केळफुलाची भाजी, सोलकढी, आणि नारळाच्या रसातले शिरवाळे एकदा खाल्ले, की हा प्रश्न कुणी विचारणार नाही. मात्र रापण ओढायला आम्ही जातो. होडीतून अर्धवर्तुळात टाकलेल्या जाळ्याची दोन टोके किनाऱ्यावर असतात आणि माणसे दोन्हीकडून दोर ओढत, मागे सरकत, हळूहळू एकमेकांच्या जवळ येतात. जाळे वाळूवर आले की चंदेरी मासळी उसळते आणि तिथेच वाटे पडतात. आम्ही दोर धरला म्हणून आमचाही लहानसा वाटा निघाला. नको म्हणणे त्यांना अपमानाचे वाटले असते, म्हणून तो आम्ही आमच्या घरमालकिणीला दिला.

त्या घरी आम्ही दर वर्षी बागेतल्या पहिल्या तोडणीची एक पेटी नेतो. घरमालकांची आंब्याची कलमे आहेत, आणि यांची त्यांच्याशी मैत्री जमली ती थंडीवरून. "थंडी पडाक व्हयी, तेव्हाच मोहर येता," असे ते पहिल्याच संध्याकाळी म्हणाले, तेव्हा हे थक्क झाले. जी थंडी आमचे मणी तडकवते, तिचीच वाट हा माणूस पाहत होता. पुढे बोलता बोलता निघाले, की भुरी, म्हणजे पांढऱ्या बुरशीचा रोग, आमच्या घडांवर येते तशी त्यांच्या मोहोरावरही येते, आणि ढगाळ हवा व अवकाळी पाऊस दोघांनाही सारखेच रडवतात. ओसरीवर बसून दोन शेतकरी फवारणीच्या दिवसांचा हिशोब करतात तेव्हा मी शेजारी बसून ऐकते. माझा नवरा इतका बोलतो, हे मला देवबागला कळले.

तुम्हाला जायचे असेल तर नाताळ आणि नववर्ष टाळून मकरसंक्रांतीनंतर जावे, कारण त्यानंतर गर्दी ओसरलेली असते. निफाडहून आम्ही ठाण्याला उतरतो आणि रात्रीच्या कोकणकन्येने सकाळी कुडाळला पोहोचतो. आरक्षण साठ दिवस आधी सुरू होते. पहिल्याच दिवशी करून टाकावे. राहायला न्याहारी-निवासाची घरे पुष्कळ आहेत. एकच निवडा आणि मुक्काम वाढवा.

बागेची काळजी वाटत नाही का, हा शेवटचा प्रश्न. वाटते. गेल्या वर्षी तिसऱ्या रात्री साडेबाराला मुलाचा फोन आला, की पारा सहावर आहे आणि शेकोट्या लावतो आहे. हे अंथरुणात उठून बसले, "पूर्वेच्या बांधाची आधी पेटव, वारा तिकडून असेल," एवढे सांगितले आणि फोन उशाशी ठेवला. मी दिवा लावून पाणी आणायला उठले होते. परत आले तेव्हा त्यांना झोप लागली होती.