आमची वाटचाल – आधी उतार, मग चर, शेवटी पाइप

सुरुवातीला आमच्याकडे एकच उत्तर होतं. अंगणात पाणी साचतं, जोत्याला ओल येते, अशी तक्रार आली की चर खणायचा, पाइप टाकायचा, खडी भरायची आणि वरून माती ओढून घ्यायची. आज त्याच तक्रारीला बऱ्याचदा पाइप लागतच नाही. उतार नीट केला, माती मोकळी केली आणि योग्य झाडं लावली की काम भागतं. आमचा हा बदल एका साध्या हिशेबाने घडवला.

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. 100 चौरस मीटरच्या छपरावर तासाभरात 50 मिमी पाऊस झाला, तर 5,000 लिटर, म्हणजे मिनिटाला 83 लिटर. (छप्पर उतरतं असलं तरी माप आडव्या क्षेत्राचंच धरायचं, कौलांच्या लांबीचं नाही.) आता मीटरभर लांब, रुंद आणि खोल शोषखड्डा घ्या. खडी भरल्यावर त्यात पोकळी उरते फार तर 40 टक्के, म्हणजे 400 लिटर. पाच मिनिटांत खड्डा तुडुंब! चिकणमातीत जमीन तेवढ्या वेळात काही पिऊन टाकत नाही. असे खड्डे आम्हीही करून दिले. ते जोराच्या सरीत उलटे वाहू लागले की मोठा पाइप टाकायचा, हा तेव्हाचा इलाज. पाइपाचा व्यास दुप्पट केला की तो सुमारे सहापट पाणी नेतो हे खरं, पण पुढे पाण्याला जागाच नसेल तर तो मोठा पाइपही नुसता भरून बसतो.

म्हणून आता पहिली पाहणी शक्यतो पाऊस पडत असतानाच करतो. ते जमलं नाही तर खुणा शोधतो. भिंतीवर चिखलाचे शिंतोडे किती उंच गेलेत, पागोळ्यांखाली खळग्यांची रांग पडली आहे का, पाचोळ्याची ओळ कुठे अडकली आहे. पाणी जिथवर चढून ओसरलं तिथेच पाचोळा थांबतो, त्यामुळे ही ओळ बहुधा खोटं बोलत नाही. मग नळीची पाणसळ (पाणी भरलेली पारदर्शक नळी, तिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहतं) घेऊन जोत्यापासून कुंपणापर्यंत पातळ्या मोजतो. नजरेने उतार ठरवणं आम्ही सोडून दिलं आहे. सपाट दिसणारं अंगण घराकडेच झुकलेलं निघतं, ते बहुतेक वेळा पायाच्या कडेची भराव माती बसल्यामुळे. बांधकामाच्या वेळी तिथे माती नुसती लोटलेली असते, नीट धुमसलेली नसते. काही वर्षांत ती खचते आणि भिंतीलगत उथळ नाली तयार होते.

त्यावर उपाय मातीचाच. भिंतीपासून पहिल्या 3 मीटरमध्ये जमीन 15 सेंमी उतरली पाहिजे. फरशी किंवा पेव्हर असतील तर मीटरला 2 सेंमी पुरे. भर घालायची ती चिकणसर मातीची, 10 ते 15 सेंमीच्या थरांनी, प्रत्येक थर धुमसून. इथे रेती किंवा मुरूम टाकला की पाणी त्यातून थेट पायाशी उतरतं. आणि भर घालताना जोत्यातला ओलरोधक थर बुजवायचा नाही. मातीची पातळी त्याच्या किमान 15 सेंमी खाली राहिली पाहिजे, नाहीतर उतार उत्तम आणि ओल घरात, अशी गत होते.

छपराच्या पाण्याची वाट वेगळी. पन्हळीचा उतरता पाइप जोत्याशीच संपत असेल तर पुढचं सगळं काम फुकट. तो बंद पाइपाने भिंतीपासून किमान 2 मीटर पुढे न्यायचा, वाटेत गाळ बसायला चेंबर द्यायचं आणि तोंडाशी मुठीएवढे दगड पसरायचे, म्हणजे माती उकरली जात नाही. एक चूक अजूनही जागोजाग दिसते. हे पाणी भिंतीलगतच्या छिद्रांच्या पाइपाला जोडून मोकळे होतात. तो पाइप जमिनीतलं पाणी बाहेर काढण्यासाठी असतो. त्यात छपराचं पाणी सोडलं की तोच पायाला पाणी पाजू लागतो. सांडपाण्याच्या लाइनला जोडणं तर त्याहून वाईट, कारण जोराच्या पावसात ती तुंबली की मैला उलटा घरात येतो.

छिद्रांच्या पाइपाचा चर आम्ही आजही करतो, पण पाणी बाहेर पडायला खालच्या पातळीची जागा आहे याची खात्री झाल्यावरच. चर 30 सेंमी रुंद, 45 ते 60 सेंमी खोल, उतार मीटरला 1 सेंमी. आधी न विणलेलं जिओटेक्स्टाइल कापड, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कृत्रिम कापड, चरभर अंथरायचं. त्यावर 20 ते 40 मिमीची धुतलेली खडी 5 सेंमी, मग 100 मिमी पाइप, छिद्रं खालच्या अंगाला, घड्याळातल्या चार आणि आठच्या जागी. लोकांना हे उलटं वाटतं. पण चरात पाणी तळापासून वर चढतं. छिद्रं खाली असली की पाणी तळाशी असतानाच पाइपात शिरतं. वर पुन्हा खडी, आणि कापडाच्या कडा 30 सेंमी एकमेकांवर घेऊन पुडी बांधायची. नुसत्या पाइपाला कापड गुंडाळलं तर बारीक गाळ त्या इवल्याशा पृष्ठभागावर चिकटून तो लवकर बंद करतो. पूर्ण चराला अस्तर दिलं की हाच गाळ कितीतरी मोठ्या कापडावर पसरतो. न धुतलेल्या खडीची भुकटी तर आतूनच चर भरते, तिला कापड काय करणार? वरच्या टोकाला सफाईसाठी उभा पाइप, खालच्या टोकाला उंदरांसाठी जाळी. मोठ्या झाडांजवळून न्यायचा असेल तर तेवढा तुकडा बिनछिद्राचा, मुळं आत शिरतात.

आता जास्त मागणी पर्जन्यबागेची असते, म्हणजे पाणी तात्पुरतं धरून जिरवणाऱ्या उथळ वाफ्याची. तो घरापासून 3 मीटर लांब असावा. मातीची चाचणी केल्याशिवाय आम्ही आराखडा देत नाही. 30 सेंमी खोल खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा आणि तासाला पाणी किती उतरतं ते पट्टीने मोजा. पहिल्या भरण्याचा आकडा धरायचा नाही, कारण कोरडी माती अधाशासारखी पिते. तासाला 2.5 सेंमी उतरलं तर झकास. 1 सेंमीच्या आसपासच रेंगाळलं तर तळाशी निचऱ्याचा पाइप द्यावा लागतो. बागेत पाणी 15 सेंमी उभं राहील असं धरलं, तर 100 चौरस मीटर छपराच्या 25 मिमी पावसासाठी सुमारे 17 चौरस मीटर वाफा लागतो. त्याहून मोठ्या पावसासाठी कडेला एक सखल, दगडांनी बांधलेला सांडवा ठेवायचा. तो कुठे रिकामा होतो हेही बघायचं. शेजाऱ्याच्या कुंपणाकडे तोंड असेल तर नको.

या कामात यंत्र आमचं नुकसान करतं. वाफ्याच्या जागेवरून जेसीबी फिरला की माती दाबली जाते, आणि ओल्या चिकणमातीत बादली घासली की कडा लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात. पाणी तिथे जिरत नाही. म्हणून यंत्र बाहेर उभं करून खणतो आणि तळ व कडा दाताळ्याने ओरबाडून घेतो. चिकणमातीत थोडी रेती मिसळून भागवायचा मोह टाळा, ते मिश्रण वाळलं की विटेसारखं घट्ट होतं. माती बदलायचीच तर निम्म्याहून जास्त रेती आणि बाकी कंपोस्ट व चांगली माती. तळात वाळा किंवा कर्दळ चालते, कडेला कोरडं सोसणारी गवतं.

डासांचं काय, हा प्रश्न हमखास येतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो. वाफा 48 तासांत कोरडा झाला तर अळ्या टिकत नाहीत. तीन दिवसांनीही पाणी दिसलं तर वरचा गाळाचा पापुद्रा काढून माती मोकळी करावी लागते.

तीव्र उताराच्या माथ्यावर आम्ही पाणी जिरवायचं काम घेत नाही. जिरलेलं पाणी उतार घसरवू शकतं. तिथे बंद पाइपाने पाणी खाली आणणं हेच बरं.

काम संपलं की गाडलेल्या प्रत्येक पाइपाचा नकाशा देतो, घराच्या दोन कोपऱ्यांपासून मोजलेली अंतरं आणि दोन्ही टोकांची खोली लिहून. पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा येतो. भर घातलेली माती तोवर थोडी बसलेली असते, म्हणून तीन-चार पाट्या माती बरोबर आणतो. नळी पुन्हा लावतो, चेंबरमधला गाळ काढतो आणि वाफ्यात ठोकलेल्या पट्टीवर पाणी कुठवर चढलं होतं ते वहीत लिहून ठेवतो.