आजी, मी आणि टक्कल पडलेला कन्नडचा मास्तर

‘सर, हा पिक्चर तुमच्यावर काढलाय.’ बंगळुरूत नोकरी करणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने एवढंच लिहून पाठवलं आणि खाली सिनेमाचं नाव: ‘ओंदु मोट्टेय कथे’. त्याला वाटलं असणार की सरांना कुठलं कन्नड कळतंय. बोलता येत नाही हे खरं. पण मिरजेत वाढलेल्या आणि आजीचं माहेर अथणीचं असलेल्या माणसाला जेवणातलं आणि भांडणातलं कन्नड कळतंच. ओंदु म्हणजे एक, कथे म्हणजे गोष्ट. गाडी अडली ती ‘मोट्टे’पाशी. आजीला विचारलं.

“तत्ती रं,” ती म्हणाली. “खालचे लोक मोट्टे म्हणत्यात.”

तत्ती म्हणजे अंडं, हे मला लहानपणापासून ठाऊक. उत्तर कर्नाटकात तत्ती, बंगळुरू-म्हैसूरकडे मोट्टे. म्हणजे सिनेमाचं नाव झालं ‘एका अंड्याची गोष्ट’. मग पोस्टर उघडून पाहिलं आणि अंडं कसलं ते समजलं. रोज दाढी करताना दिसतं तेच.

मी चौतीस वर्षांचा आहे, ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवतो आणि माझे केस सत्ताविसाव्या वर्षापासून रजेवर आहेत. सिनेमाचा नायक जनार्दन अठ्ठावीस वर्षांचा, मंगळूरच्या कॉलेजात कन्नड शिकवणारा, टकला, लग्नाळू. घरी येणाऱ्या पुरोहिताने मुदत घालून दिलेली: तेवढ्यात लग्न झालं नाही तर हा संन्यासी होणार. यावर आख्खा सिनेमा उभा आहे. विद्यार्थी चुकला नव्हता.

सिनेमा २०१७ चा. लेखक, दिग्दर्शक आणि नायक एकच माणूस, राज बी. शेट्टी. हा त्याचा पहिलाच सिनेमा. आता तो कर्नाटकात मोठं नाव आहे. ‘गरुड गमन वृषभ वाहन’मध्ये त्याने अंगावर काटा आणणारा गुंड उभा केला, आणि २०२५ मध्ये धुमाकूळ घातलेल्या ‘सु फ्रॉम सो’चा तो निर्माता होता. पण इथे तो फक्त स्वतःचं डोकं घेऊन उभा आहे. अगदी शब्दशः. टक्कल खरं आहे, मेकअपचं नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण याच सिनेमाचा हिंदी अवतार, २०१९ चा ‘उजडा चमन’, मी आधी पाहिला होता. त्यात एका चांगल्या केसाळ नटाला टक्कल चिकटवलंय. ते सतत दिसत राहतं. टक्कल माणसाच्या खांद्यात असतं, मान किती वाकवायची आणि ट्यूबलाइटखाली कुठे बसायचं नाही या हिशोबात असतं. शेट्टीला तो हिशोब पाठ आहे. तो खोलीत शिरतो तेच आधी डोकं आणि मग आपण, अशा बेताने.

आजीला शेजारी बसवून सिनेमा लावला. पहिल्या दहा मिनिटांत ती दोनदा म्हणाली, “पापऽ.”

मराठी वाचकासाठी थांबून सांगायला हवं. कन्नडमध्ये हळहळून ‘पाप’ म्हटलं की त्याचा अर्थ ‘बिचारा’ असा होतो. लहानपणी मी ढोपर फोडून घेऊन आलो की आजी ‘पाप, पाप’ करत हळद लावायची आणि मला वाटायचं, पडणं हे पाप आहे.

भाषेचा आणखी एक घोळ. आजीचं कन्नड अथणीचं, म्हणजे धारवाडकडच्या वळणाचं, ‘आहे’ला ‘ऐति’ म्हणणारं. मंगळूरचे लोक त्याच जागी ‘उंटु’ म्हणतात, ‘काय’ला ‘एंत’ म्हणतात आणि वाक्याच्या शेपटीला ‘मारायरे’ लावतात. घरात तुळू किंवा कोंकणी बोलणारे पुष्कळ, त्यामुळे कन्नड अगदी छापील, एकेक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखं. आजी पंधरा मिनिटं ऐकून वैतागली. “इद याव कन्नडऽ? पुस्तक वाचतोय काय ह्यो?” शेवटी इंग्रजी सबटायटल वाचून मी तिला मराठीत सांगायचं आणि तिने ते कन्नडमध्ये दुरुस्त करायचं, असा आमचा कारभार सुरू झाला. एका विनोदाला तीनदा हसून झालं.

आता मुद्द्याचं. हा नायक भाषेचाच मास्तर का? याचा मल्याळी अवतार ‘तमाशा’ नावाने निघाला, त्यातला नायक मल्याळम शिकवतो. हिंदीवाल्याने दिल्लीत नेऊन हिंदीचा प्राध्यापक केला. म्हणजे गाव बदला, जात बदला, विषय मात्र ज्या-त्या मातृभाषेचाच ठेवा. उद्या मराठीत काढला तर माझी नोकरी फिक्स. मला वाटतं, भौतिकशास्त्राच्या माणसाला टक्कल शोभतं. लोक म्हणतात, डोकं फार चालवलं असणार. भाषेच्या मास्तराचं टक्कल नुसतंच टक्कल असतं. त्यात आम्हाला शिकवायला लागतात कविता. मी अकरावीला ‘कुंतल’ शब्दाचा अर्थ ‘केस’ असा फळ्यावर लिहिला, तेव्हा शेवटच्या बाकापासून जी खुसखुस सुरू झाली ती पहिल्या बाकापर्यंत यायला अर्धं मिनिट लागलं. दुसऱ्या वर्षापासून मी तो शब्द तोंडी सांगतो, पोरांकडे तोंड करून. फळ्याकडे वळलं की मागचं चांदणं दिसतं.

आमचे काका धीर द्यायला संस्कृत वचन ऐकवतात, ‘क्वचित् खल्वाट निर्धनः’, टकला माणूस क्वचितच गरीब असतो. काकांना विनाअनुदानित तत्त्व माहीत नसावं.

जनार्दनला काका नाहीत, त्याला राजकुमार आहेत. डॉ. राजकुमार (१९२९ ते २००६), कन्नड सिनेमाचे सगळ्यात लाडके नट, कन्नड माणसांचे ‘अण्णावरु’, म्हणजे थोरले भाऊ. पहिला गाजलेला सिनेमा १९५४ चा ‘बेडर कण्णप्प’, पुढे दादासाहेब फाळके पुरस्कार, आणि चाहत्यांना हा माणूस ‘अभिमानी देवरुगळु’, म्हणजे चाहते देवहो, अशी हाक मारायचा. १९८२ मध्ये गोकाक अहवालासाठी जे आंदोलन झालं, शाळेत कन्नडला पहिलं स्थान द्या म्हणून, त्यात राजकुमार उतरले आणि ते घराघरांत पोचलं. (हे गोकाक म्हणजे आपण धबधबा बघायला जातो ते गाव नव्हे, समितीचे अध्यक्ष वि. कृ. गोकाक.) सीमाभागातल्या मराठी घरात या विषयावर सगळे एका सुरात बोलतील अशी अपेक्षा करू नका. आमच्याकडे आजोबा असेपर्यंत भाषेवरून वाद झाला की आजी भाकरी थापायला उठायची. पण राजकुमारांचं गाणं लागलं की थापटण्याचा ताल बदलायचा, हे आजोबांनीच मला सांगितलेलं.

तर कन्नडच्या मास्तराचा देव राजकुमार असणं ही नुसती फॅनगिरी नाही. पडद्यावरचा राजकुमार व्यसन करत नाही, बाईशी वावगं वागत नाही, भाषा शुद्ध बोलतो. जनार्दन तसाच वागायला बघतो आणि जगाला त्याचं काही पडलेलं नाही. गोंडस, शुद्ध, सज्जन कन्नड बोलून मुली पटत नाहीत, हे त्याला कळत जातं तो भाग मला सगळ्यात हसवून गेला. सिनेमात अण्णावरुंची जुनी गाणी येतात तेव्हा आजी सबटायटल विसरून गुणगुणायला लागली. मग म्हणाली, “म्हातारपणी त्यान्लाबी कुठं केस हुते?” खरंच. उतारवयातले फोटो बघा, पांढरं धोतर, पांढरा सदरा आणि कपाळ पार मागेपर्यंत गेलेलं.

कॉलेजचा शिपाई श्रीनिवास हा या सिनेमातला माझा आवडता माणूस. प्रकाश तुमिनाडने केलाय. जनार्दनचा सल्लागार, मित्र आणि अधूनमधून डोकेदुखी. स्टाफरूममध्ये बोलता येत नाही ते शिपायाजवळ बोललं जातं, हे ज्याने कॉलेजात नोकरी केली त्यालाच सुचणार. आमच्याकडे तर पगारवाढीपासून पोटदुखीपर्यंत सगळ्याचं निदान शिपाईमामाच करतात.

इथवर सिनेमा गोड आहे. आपण जनार्दनच्या बाजूने. ज्या मुली त्याला डोक्याकडे बघून नाकारतात त्यांच्यावर आपला राग. आणि मग सरला येते. श्रेया अंचनने केलेली, ऑनलाइन ओळख झालेली, गप्पांत मोकळी, हुशार. जनार्दन हवेत. प्रत्यक्ष भेट होते आणि सरला लठ्ठ निघते.

त्याचा चेहरा पडतो. फार नाही, जरासाच. पण तो चेहरा मी ओळखला, कारण तासभर तोच चेहरा समोरच्या मुलींचा होत होता आणि आपण त्यांना नावं ठेवत होतो. पुढे तो काढता पाय घ्यायला बघतो. सज्जन माणूस आहे, त्यामुळे त्याला कारण लागतं. राजकुमारांच्या भक्ताला ‘तू जाड आहेस’ म्हणता येत नाही.

आजी म्हणाली, “पाप.”

या वेळी शब्दाचा शेवट लांबवला नव्हता. हे कन्नड होतं की मराठी, मी विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती असं म्हणा.

कारण तीन वर्षांपूर्वी आजीच्याच माहेरच्या बाजूने, जमखंडीहून, एक स्थळ आलं होतं. मुलगी ग्रंथपाल. बायोडाट्यात आवडीनिवडीपुढे ‘जुने दिवाळी अंक’ लिहिलेलं. असं लिहिणारी मुलगी मला त्याआधी भेटली नव्हती, नंतरही नाही. सोबत एक फोटो होता, कुणाच्या तरी लग्नातला, पूर्ण उभा. मी फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला. मग आईला म्हणालो, पत्रिका जुळत नाही म्हणून कळवा. टक्कल पडलेला, विनाअनुदानित, एकतीस वर्षांचा मी. घरात कुणी काही बोललं नाही. आजी तेवढी देवघरात उठून गेली आणि बराच वेळ निरांजन घासत बसली. नंतर आईकडून कळलं, आजीने स्थळ आणायच्या आधीच भटजींकडून पत्रिका बघून घेतली होती. छत्तीसपैकी सव्वीस गुण.

सिनेमाची तक्रार करायची तर करता येईल. उत्तरार्धात गाडी रेंगाळते, काही प्रसंग शॉर्टफिल्मसारखे सुटे वाटतात, आणि सरला स्वतः काय विचार करते हे दिग्दर्शक आणखी दाखवू शकला असता. नायकाच्या डोक्याभोवती कॅमेरा इतका फिरतो की तिच्या वाट्याला कमी येतं. पण टकल्याला बिचारा ठरवून, टाळ्या घेऊन घरी जाता आलं असतं, ते शेट्टीने केलं नाही. स्वतःच लिहिलेल्या, स्वतःच केलेल्या माणसाला त्याने असं उघडं पाडलं. हिंदीतही गोष्ट हीच आहे, पण तिथे मी तो प्रसंग पॉपकॉर्न खात बघितला होता. नटाचे केस खरे होते, म्हणून असेल.

शेवट सांगत नाही. जरूर बघा, मंगळूरच्या गल्ल्यांसाठी बघा, श्रीनिवाससाठी बघा.

नावं सुरू झाली तेव्हा आजीचे डोळे मिटलेले होते. मी टीव्ही बंद केला, पंखा एकवर आणला, तिच्या पायावर चादर ओढली आणि दिवा घालवायला उठलो.

“काय रं,” ती डोळे न उघडता म्हणाली, “त्यांची पत्रिका जुळत हुती काय?”