माप घ्यायलाही परमिट लागतं

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं छप्पर बदलायचं होतं. जुने सिमेंटचे पत्रे उतरवून रंगीत लोखंडी पत्रे चढवायचे. ठेकेदाराची सुरक्षा फाइल माझ्याकडे तपासायला आली, ती चांगलीच जाड. कामाची पद्धत, धोक्यांचा तक्ता, हार्नेसची (अंगावर बांधायच्या सुरक्षा पट्ट्याची) प्रमाणपत्रं, विम्याच्या प्रती, सगळं क्रमाने लावलेलं. फक्त या शेडबद्दल त्यात एक ओळ नव्हती. पद्धतीच्या पानावर 'टॉवर क्रेन' हे शब्द दुसऱ्या कुठल्या फाइलमधून तसेच राहिले होते. (त्या गल्लीत टेंपो वळवायचा तरी दोनदा मागे-पुढे करावा लागतो.)

उंचीच्या कामाच्या कागदांत सगळ्यांत फसवा रकाना हार्नेसचा. 'फुल बॉडी हार्नेस: होय' लिहिलं की सगळे निश्चिंत होतात. इथे पन्हाळीपाशी उंची ४.२ मीटर होती. दोरी १.८ मीटरची. माणूस पडला की दोरीला जोडलेल्या, झटका शोषणाऱ्या पट्टीची (शॉक अ‍ॅब्झॉर्बर) शिवण उसवत जाते आणि ती पट्टी १.७५ मीटरपर्यंत लांबू शकते. पाठीवरच्या कडीपासून पावलापर्यंत दीड मीटर. त्यावर एक मीटर राखीव धरायचा. बेरीज सहा मीटरच्या वर जाते, आणि हुक अडकवायला जागा पायाच्याच पातळीवर, पर्लिनला (पत्रे ज्यावर टेकतात त्या आडव्या लोखंडी पट्टीला). म्हणजे हार्नेस घातलेला माणूस दोरी ताणायच्या आत खाली लूमवर (यंत्रमागावर) आदळणार. शिवाय ते पर्लिन जुने अँगल, गंजलेले. एका माणसामागे १५ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने दीड टनाचा झटका ते सोसतील, असं कुणी लिहून द्यायला तयार नव्हतं.

दोरी आखूड करून चालतं का? सपाट स्लॅबच्या कडेला चालतं, कारण तिथे धोका कडेला असतो. ठिसूळ छपरावर धोका पायाखालीच असतो. मग उरतात दोन मार्ग: खालून टॉवर (पाइपांची उंच परात) लावून काम करायचं, नाहीतर पत्र्यांच्या लगेच खाली जाळी बांधायची. लूमच्या मधल्या वाटा इतक्या अरुंद की टॉवर बसेना. म्हणून जाळी ठरली. ती कैच्यांना (छपराच्या त्रिकोणी लोखंडी सांगाड्यांना) कुठे बांधायची, माणूस पडल्यावर झोळ किती पडेल, झोळ लूमला टेकत नाही ना, हे सगळं पद्धतीच्या पानावर आकड्यांसह लिहायला लावलं.

मग छपराचा नकाशा. फाइलचं पहिलं पान तेच असायला हवं, आणि ते शेडच्या आत उभं राहून, वर बघत करावं लागतं. उजेडासाठी मध्येमध्ये फायबरचे पत्रे टाकलेले असतात. वर्षानुवर्षं वरून धूळ आणि आतून लूमची रुई बसून ते सिमेंटच्या पत्र्यासारखेच करडे दिसतात. छपरावर उभं राहिल्यावर फरक कळत नाही. लूमच्या हादऱ्याने जे-बोल्ट (पत्रा पर्लिनला धरून ठेवणारे आकडे) सैल होतात, कुठे नुसतं भोक उरतं. काही पत्र्यांच्या चिरा डांबराने बुजवलेल्या असतात. प्रत्येक ओळीला अक्षर, प्रत्येक पत्र्याला आकडा, फायबरच्या पत्र्यावर लाल फुली, अशी आमची खूण. बोल्टांच्या रेषेवर, पर्लिनच्या डोक्यावर पाय ठेवला की सुरक्षित, असा जुन्या फिटरांचा विश्वास असतो. एक तर तोल गेला की पाय रेषेवर राहत नाही. दुसरं, त्या रेषेखाली पर्लिन आहेच याची वरून खात्री नसते.

आम्ही खाली नकाशा करत असतानाच मागच्या बाजूने ठेकेदाराचा एक पोरगा शिडी लावून वर चढला. मोभाच्या पत्र्याचं माप घ्यायला. तिसऱ्या ओळीत त्याचा पाय फायबरमधून मांडीपर्यंत खाली आला. खालची लूम चालू होती. हात पर्लिनवर अडकले म्हणून तो तिथेच थांबला. मुकादमाने खालून लूम बंद करायला ओरडून सांगितलं, दुसऱ्याने लांब फळी सरकवली आणि त्याला फळीवर ओढून घेतलं. मांडीला खरचटण्यावर निभावलं. "पाच मिन्टाचं काम होतं साहेब, टेप लावून येणार होतो की," असं त्याचं म्हणणं.

फाइल पुन्हा उघडली. धोक्यांच्या तक्त्याची पहिली ओळ होती 'जुने पत्रे काढणे'. त्याआधीचं काही नाही. माप घेणं, गळती शोधणं, फोटो काढणं, पन्हाळ साफ करणं, यांतलं कुठलंच कागदावर 'काम' नव्हतं. कारखाना नियमांत मात्र स्पष्ट आहे: ठिसूळ छपरातून ३ मीटरपेक्षा जास्त खाली पडण्याची शक्यता असेल, तर पक्क्या आधाराच्या शिड्या किंवा सरकत्या फळ्या (क्रॉलिंग बोर्ड, ज्यांवरून छपरावर पुढे सरकायचं) हव्यात आणि दर वेळी परमिट, म्हणजे त्या कामाची लेखी परवानगी हवी. आठवड्याचं एकच परमिट सोमवारी सही करून भिंतीला चिकटवायचं, ही सर्रास दिसणारी रीत त्यात बसत नाही.

तक्ता नव्याने झाला, 'छपरावर पहिला पाय' इथून. परमिटवर तारीख, वेळ कुठपासून कुठपर्यंत, नकाशातली कुठली ओळ, वर जाणाऱ्यांची नावं, खाली उभा राहणारा कोण, आणि काम थांबवायचा अधिकार कुणाला. मे महिना असल्याने वेळ सकाळी साडेसहा ते साडेदहा. दुपारी पत्रा हात लावू देत नाही, आणि संध्याकाळी वळवाचा वारा सुटला की सुटा पत्रा माणसालाच घेऊन जातो.

गंजलेले बोल्ट ग्राइंडरने उडवायचे, असंही पद्धतीत होतं. खाली सूत, रुई, टॉवेलचे गठ्ठे. २०२५ च्या मे महिन्यात याच एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जणांचा जीव गेला, तरी ठिणगीचा विचार कुणी केला नव्हता. ग्राइंडर काढून बोल्ट कटर लिहिला. ग्राइंडर लागलाच तर आगीच्या कामाचं वेगळं परमिट, सभोवार ११ मीटर मोकळं, काम संपल्यावर तासभर पहारा. मेन स्विचला कुलूप, किल्ली परमिट घेणाऱ्याच्या खिशात. जुने सिमेंटचे पत्रे अ‍ॅस्बेस्टॉस मिसळलेले, त्याची धूळ घातक, म्हणून पाणी मारून, न फोडता, दोराने अख्खे उतरवायचे. वरून टाकायचे नाहीत.

सुटकेच्या रकान्यात '१०८ ला फोन' होतं. जाळीत पडलेल्या माणसाला जाळीतून काढणार कसं, शिडी कुठली, कोण चढणार, हे त्यात हवं होतं. ते लिहून घेतलं आणि एकदा करूनही पाहिलं.

ठेकेदाराची तक्रार एकच राहिली: जाळीचं भाडं दरात धरलेलं नव्हतं. तक्रार खरी होती. दर आधी ठरतो आणि सुरक्षा फाइल वर्क ऑर्डरनंतर मागितली जाते, त्यामुळे फाइलमधल्या प्रत्येक गोष्टीचा खर्च ठेकेदाराच्या नफ्यातून जातो आणि तो 'होय' लिहून मोकळा होतो. मालकाने अखेर भाडं वेगळं दिलं. मागच्या बाजूच्या शेडच्या कोटेशनमध्ये आता जाळी, सरकत्या फळ्या आणि छपराचा नकाशा अशा तीन वेगळ्या ओळी आहेत, दरासकट.