प्रबंधाबाहेरचा एक तास

गेल्या जूनमध्ये माझ्या एका पीएच.डी.च्या विद्यार्थिनीने नोकरीसाठी तयार केलेला बायोडेटा मला वाचायला दिला. त्यात शिक्षण होते, नेट ही प्राध्यापकपदाची राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण झाल्याचे वर्ष होते, प्रबंधाचे शीर्षक होते आणि त्याखाली परिषदा व कार्यशाळांच्या प्रमाणपत्रांची लांबलचक यादी होती. पाच वर्षे जी कामे करताना मी तिला पाहिले होते, त्यांतले एकही त्या दोन पानांत नव्हते.

तिचा विषय बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबांच्या कर्जाचा. दिवाळीच्या सुमारास ही कुटुंबे कारखान्यांच्या दिशेने निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत, त्यामुळे गावात बसून मुलाखती घ्यायला वर्षातले मोजकेच महिने हाती लागतात. तिने त्या महिन्यांचे वेळापत्रक आखले, दीडशेहून अधिक घरांतून माहिती गोळा केली, प्रश्नावलीतला ‘अग्रिम रक्कम’ हा शब्द खोडून ‘उचल’ घातला, ‘श्रमिक जोडी’ खोडून ‘कोयता’ घातला आणि गावातल्या दोन मुलींना नोंदी करायला शिकवले. मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या वहीतली बाकी आणि कुटुंबाच्या हिशेबातली बाकी जुळेना, तेव्हा ऊस वजनाच्या पावत्या मिळवून तिने ती तपासली. हे बायोडेटात का नाही, असे विचारल्यावर ती म्हणाली, “मॅडम, ते तर संशोधनातच येतं. त्याचं वेगळं काय लिहायचं?”

हा प्रश्न तिच्या मनात आला, याला मार्गदर्शक म्हणून मी जबाबदार आहे असे मला वाटते. पाच वर्षांत आम्ही प्रकरणांवर, संदर्भांवर आणि सिनॉप्सिसवर असंख्य तास बोललो; पण हे काम करता करता तुला आणखी काय काय येऊ लागले आहे आणि ते तू कुठे वापरणार आहेस, हे विचारण्यासाठी मी एकही तास वेगळा काढला नव्हता.

तो काढणे आता टाळता येणार नाही. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०१४-१५ मध्ये देशात पीएच.डी.साठी नोंदणी केलेले सुमारे १.१७ लाख विद्यार्थी होते, ते २०२१-२२ मध्ये २.१२ लाख झाले. महाविद्यालयांतील कायम पदे त्या वेगाने भरली गेली नाहीत, हे तासिका तत्त्वावर काम करणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. शिवाय जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट किंवा सेट (राज्य पातळीवरची तशीच परीक्षा) ही किमान पात्रता ठरली आणि पीएच.डी. ऐच्छिक झाली. अशा वेळी ‘प्रबंध पूर्ण कर, पुढचे पुढे पाहू’ हा सल्ला मला अन्यायाचा वाटतो, कारण पुढचे पाहण्याची वेळ येते तेव्हा विद्यार्थी तिशी ओलांडून गेलेला असतो आणि घरच्यांचा धीर संपत आलेला असतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीत या बाबतीत एक चांगली तरतूद आहे. कोणत्याही विद्याशाखेच्या संशोधक विद्यार्थ्याला आपल्या विषयातील अध्यापनाचे आणि लेखनाचे प्रशिक्षण मिळावे, तसेच त्याच्याकडे आठवड्याला ४ ते ६ तास ट्यूटोरियल, प्रयोगशाळा किंवा मूल्यमापनाचे काम सोपवता यावे, असे ती सांगते. प्रत्यक्षात मात्र हे तास पर्यवेक्षणात आणि उत्तरपत्रिकांचे गठ्ठे लावण्यात जाताना मी पाहिले आहेत. आमच्या संशोधन केंद्रात आता प्रत्येक संशोधकाकडे पदवीच्या पहिल्या वर्षाचा एक घटक पूर्णपणे सोपवला जातो. तो त्याने शिकवायचा, त्यावर प्रश्न काढायचे, उत्तरे तपासायची आणि मुलांना काय कळले नाही हे माझ्याशी बोलायचे. सुट्या तासांपेक्षा यात वेळ अधिक जातो, पण एका घटकाची सगळी जबाबदारी घेतल्याखेरीज शिकवणे येत नाही.

सर्वाधिक मदत लागते ती लेखनाला. आमच्याकडे येणारी बहुतेक मुले मराठी माध्यमातून आलेली आहेत. त्यांचा विचार मराठीत पक्का होतो आणि इंग्रजीत उतरताना त्याची धार जाते. भाषा सुधारून घ्या असे त्यांना सांगणे सोपे असते, पण ती कुठे आणि कोणाबरोबर सुधारायची हे कोणी सांगत नाही. म्हणून दर बुधवारी दुपारी दोन तास आम्ही एका टेबलाभोवती बसतो. प्रत्येकाने आपले एकच पान आणायचे आणि मोठ्याने वाचायचे, आणि इतरांनी कुठे अडखळलो तेवढेच सांगायचे. व्याकरणाची चर्चा तिथे क्वचित होते, कारण बहुतेक वेळा वाक्य अडते ते लिहिणाऱ्याचे म्हणणेच अजून ठरलेले नसते म्हणून. मराठी विश्वकोशाच्या ज्ञानमंडळासाठी, म्हणजे एकेका विषयाच्या नोंदी तयार करणाऱ्या अभ्यासकांच्या गटासाठी, नोंद लिहिण्याचा सरावही मी आवर्जून करून घेते. वर्षानुवर्षे अभ्यासलेला विषय ठरावीक शब्दांत, कोणालाही कळेल असा आणि संपादकाच्या दुरुस्त्या झेलत लिहिणे हे मोठे शिक्षण आहे. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०१८ मध्ये ‘अवसर’ ही लोकप्रिय विज्ञानलेखनाची स्पर्धा सुरू केली, तिच्यामागचा विचारही मला हाच वाटतो.

दोन दिवसांच्या कार्यशाळांवर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. दुसऱ्याच्या आकडेवारीवर शिकलेले सांख्यिकीचे सॉफ्टवेअर पंधरा दिवसांत विसरले जाते. स्वतःच्या प्रश्नावलीतले चुकलेले रकाने दुरुस्त करताना शिकलेले मात्र विसरत नाही. त्यातही अशा कार्यशाळांचे शुल्क विद्यार्थ्यांकडून घेणे मला पटत नाही. २०२३ पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये झाली असली, तरी ती ज्यांना मिळत नाही असे अनेक जण तासिकांच्या मानधनावर घर चालवून संशोधन करतात.

या सगळ्यामुळे प्रबंधावरचे लक्ष उडते, अशी काही सहकाऱ्यांची तक्रार आहे आणि ती मी हलकी मानत नाही. प्रबंध पक्का हवाच. पण दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागतेच, त्या अहवालाला मी एक पान जोडायला सांगते. या सहा महिन्यांत मी नवे काय करू लागले आणि त्याचा पुरावा काय, एवढेच त्यात लिहायचे असते. त्या पानावर आम्ही वर्षातून दोनदा तासभर बोलतो आणि त्या तासात प्रबंधाचा विषय काढायचा नाही, असे ठरवले आहे. पहिल्या वर्षाची मुले सुरुवातीला गप्प बसतात. मग कोणी सांगते, प्राध्यापक व्हायचे नाही, पण हे मार्गदर्शकाला कसे सांगायचे ते कळत नव्हते.

त्या विद्यार्थिनीचा बायोडेटा आम्ही दोन संध्याकाळी बसून नव्याने लिहिला. प्रमाणपत्रांची यादी चार ओळींवर आली आणि पावत्यांवरून हिशेब कसा जुळवला, त्याचा परिच्छेद सर्वांत वर गेला. शासकीय योजनांचे मूल्यमापन करणाऱ्या एका संस्थेने तिला पुढच्या सोमवारी मुलाखतीला बोलावले आहे. काल तिने फोन करून विचारले, “मॅडम, प्रश्नावली बरोबर नेऊ का?” मी म्हटले, “ने, आणि खोडलेले शब्द दिसतात ना, तो पहिला मसुदाही ने.”