आडदांडा आणि राजसा

शनिवार, रात्री

सकाळपासून पावसाला उसंत नाही. वीज दोनदा गेली, तरी नववीच्या उत्तरपत्रिका आज हातावेगळ्या करायच्याच म्हणून बसलो होतो. पाठ्यपुस्तकाबाहेरची कविता म्हणून मी या वेळी इंदिरा संतांची चंद्रमौळी घराची कविता फळ्यावर लिहून दिली होती आणि एकच प्रश्न विचारला होता, की या कवितेतल्या बाईला पावसाविषयी काय वाटते. निम्म्या मुलांनी ‘तिला पावसाचा राग आला आहे’ असे लिहिले आणि बाकीच्या बहुतेकांनी ‘कवयित्रीने आपल्या भावना प्रभावीपणे व्यक्त केल्या आहेत’ हे कोणत्याही कवितेला चालणारे वाक्य लिहून पान भरले. त्या वाक्याला मी गेली कित्येक वर्षे अर्धा गुण देत आलो आहे, त्यामुळे मुलांना दोष देण्यात अर्थ नाही.

खानापूर तालुक्यातल्या खेड्यातून बसने येणाऱ्या एका मुलीचे उत्तर मात्र चारच ओळींचे होते. तिने लिहिले होते, ‘तिला राग नाही. आमची आज्जी धार काढताना म्हशीला ‘सरक की गं भवाने’ म्हणते. म्हैस अडली त्या रात्री आज्जी तिला ‘माझी बाय’ म्हणत होती. तसेच हे आहे.’

मी पेन खाली ठेवले आणि कविता पुन्हा वाचली. मी ती वर्षानुवर्षे शिकवली, पण विरहाची कविता म्हणून शिकवली. त्या बाईला पावसाने कौलांवर ‘तडातडा’ नाचायला नको आहे, कारण गळतीखाली ठेवायला पुरेशी भांडी तिच्याकडे नाहीत, वेल मोडायला नको आहे आणि अंगावरचे जुनेर भिजवायला नको आहे. इथवर पाऊस तिच्यासाठी ‘आडदांडा’ आहे, आणि हा शब्द शत्रूसाठी कोणी वापरत नाही, घरातल्या दांडगट पोरासाठी वापरतात. मग तिला वाटेवरच्या सख्याची आठवण होते, त्याला माघारी आणण्याचे काम पावसाकडेच द्यावे लागते, आणि त्याच क्षणी आडदांडाचा ‘राजसा’ होतो. कडाडणारी वीजसुद्धा ‘विजेबाई’ होते. त्या सख्याचे वर्णन कवितेत कुठेही नाही, तो गोरा की सावळा हे आपल्याला कळत नाही, तिचे त्याच्यावर प्रेम आहे असे एक अक्षरही ती बोलत नाही. त्याला नीट, सांभाळून आणावे म्हणून ती पावसाची मनधरणी करते, आणि पावसाला मिळालेल्या त्या बढतीवरून तो माणूस तिचा कोण आहे हे आपण ओळखतो. विशेषणांचा ढीग घालूनही जे साधले नसते, ते या बाईंनी दोन हाकांत साधले.

इंदिराबाईंचा जन्म १९१४ सालचा, निपाणीजवळच्या तवंदीचा, आणि आयुष्याचा मोठा काळ त्या बेळगावातच राहिल्या. त्यांचे यजमान १९४६ साली गेले. या कवितेचा त्या घटनेशी सांधा जोडण्याचा मोह मी टाळतो, मात्र बेळगावच्या कौलारू घरांवर पडणारा पाऊस ज्याने ऐकला आहे, त्याला ‘तडातडा’ हा शब्द वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

संबोधनाचा हा विचार डोक्यात असतानाच बसवण्णांचे वचन आठवले. बाराव्या शतकातला हा कन्नड संतकवी देवाला विनवतो, की ‘इवनारव’, म्हणजे ‘हा कुणाचा’, असे माझ्याविषयी कुणी म्हणू नये. ‘इव नम्मव’, म्हणजे ‘हा आमचाच’, असे म्हणावे. दोन्ही शब्द तो तीन-तीनदा उच्चारतो. आमच्याकडे नवख्या माणसाला पाणी देण्याआधी ‘तुम्ही कुणातले?’ असे विचारण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही, म्हणून तो पहिला शब्द जास्त बोचतो. पुढे सतराव्या शतकात तुकोबांनी साधूची खूण सांगताना रंजल्यागांजल्यांना जो आपुले ‘म्हणे’ असेच शब्द योजले. मानतो, समजतो, असे काही ते म्हणाले नाहीत. दोघांनीही आपलेपणाची परीक्षा जिभेवर घेतली आहे. आणखी एक गोष्ट, बसवण्णांचे समाधिस्थान कूडलसंगम जिच्या काठी आहे ती मलप्रभा नदी आमच्या खानापूर तालुक्यात, कणकुंबीला उगम पावते. त्या मुलीची बस कदाचित तिच्याच पुलावरून येत असेल.

त्या मुलीला पाचपैकी पाच गुण दिले. ‘बाय’ या शब्दाभोवती मी सवयीने लाल वर्तुळ काढले होते, ते खोडता येईना, म्हणून त्याच्या शेजारी ‘बरोबर’ असे लिहिले. सोमवारी तिला म्हशीचे नाव विचारायचे आहे, आणि ती सुखरूप व्याली का, हेही.