उत्तीर्ण झाल्याचं वर्ष : लागू नाही

आमच्या माजी विद्यार्थी संघाच्या गूगल फॉर्ममध्ये चौथा रकाना होता, ‘उत्तीर्ण झाल्याचं वर्ष’. पुढे लाल चांदणी. म्हणजे तो भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकणारच नाही. सत्कारासाठी मला दोन नावं सुचवायची होती आणि ती दोन्ही माणसं आमच्या कॉलेजातून कधीच उत्तीर्ण झालेली नव्हती. एक तबल्याचे काका आणि दुसरे सतारमेकर चाचा. गंमत म्हणजे फॉर्म मीच बनवलेला. सचिव म्हणून.

आमचं कॉलेज मिरजेतलं. आमच्या गावात दोन गोष्टी पावलोपावली, दवाखाने आणि तंतुवाद्यं. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांची घराणी पुढे सतारी-तानपुरे करायला लागली, ती आजतागायत करताहेत. इथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर इथल्या मीरासाहेब दर्ग्यात आहे. अशा गावातल्या कॉलेजला गाण्याबजावण्याची माणसं सहज मिळतात. इतकी सहज, की त्यांची नोंद ठेवायचं कुणाच्या ध्यानात येत नाही.

सत्काराची कल्पना निघाली ती नॅकमुळे, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेमुळे, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांच्या पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा मुद्दा असतो आणि संघ नोंदणीकृत लागतो. नोंदणी आम्ही आधीच केली होती. सात जणांच्या सह्या, १८६० चा संस्था नोंदणी कायदा, वर १९५० चा विश्वस्त व्यवस्थेचा कायदा. आता संघ काय काम करतो ते दाखवायचं होतं. प्राचार्य म्हणाले, “मॅडम, कॉलेजसाठी ज्यांनी काही केलं त्यांचा सत्कार ठेवा. मेळावाही होईल.”

पहिल्या बैठकीत अपेक्षित तीच नावं आली. एक कारखानदार, एक निवृत्त अधिकारी आणि एक अमेरिकेतला संगणकवाला. या शेवटच्याला खरंच कॉलेजसाठी पैसे पाठवायचे होते. पण त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं होतं. भारतीय पासपोर्ट असता तर परदेशात राहूनही तो स्वतःच्या बचतीतून देऊ शकला असता. पासपोर्ट बदलल्यावर तीच रक्कम विदेशी देणगी ठरते आणि तिला एफसीआरएची, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची, नोंदणी लागते. ती आमच्याकडे नव्हती. फोनवर हे समजावताना मलाच ओशाळं वाटलं. “म्हणजे मी आता मिरजेचा नाही?” असं त्याने विचारलं. पण माणूस चांगला. पैसे नाहीत तर वेळ देतो म्हणाला आणि वर्षभर दर शनिवारी आपल्याकडच्या सकाळी, कॉलेजातल्या पोरांच्या मुलाखतींची तयारी करून घेत राहिला. त्याचं नाव यादीत राहिलं ते त्या शनिवारांसाठी. याला बैठकीत कुणाचाही विरोध झाला नाही.

काका-चाचांचं नाव मी काढलं तेव्हा मात्र झाला. आमच्यातले एक सभासद आयुष्यभर कोर्टात नाझर होते. ते म्हणाले, “संघाच्या घटनेत ‘सभासदांचा गौरव’ असं आहे. हे दोघं सभासद नाहीत, होऊही शकत नाहीत. कारण ते माजी विद्यार्थी नाहीत.” एरवी मला त्यांचा राग येतो, पण मुद्दा बिनतोड होता. दुसऱ्या एकाने वेगळाच सूर लावला, “त्यांना काय, बिदागी मिळतच होती की.”

हे मला लागलं. मी १९८८ ते ९१ या कॉलेजात होते आणि तिन्ही वर्षं गॅदरिंगला गायले. काकांच्या साथीवर, चाचांनी जुळवून दिलेल्या तानपुऱ्यांवर. विद्यापीठाच्या युवा महोत्सवाला एसटीने जाताना तानपुरा चादरीत गुंडाळून मांडीवर घेतला होता. कंडक्टर त्याचं अर्धं तिकीट फाडायला निघाला, तेव्हा काकाच त्याच्याशी भांडले. पण ‘मला आठवतंय’ हा काही पुरावा नव्हे. नाझरसाहेबांना कागद लागतो.

म्हणून मी कागद शोधायला घेतले. ग्रंथालयात वार्षिक अंकांचे जुने गठ्ठे होते. एकेक उघडून पाहिला. गाणाऱ्या मुलींचे फोटो भरपूर, माझाही एक, दोन वेण्यांतला. खाली नाव, वर्ग, मिळालेलं बक्षीस. आणि जवळजवळ प्रत्येक फोटोच्या कडेला मनगटापर्यंत कापलेला एक हात, तबल्यावर. चौकटीत गाणारी नीट बसावी म्हणून छापखान्याने कात्री लावलेली. नऊ अंकांत मला तो हात सापडला. चेहरा एकाही अंकात नव्हता.

मग ऑफिसात गेले. जुनी दप्तरं जाळायला कुणाला मुहूर्त सापडला नव्हता, हे आमचं नशीब. हेडक्लार्कने व्हाउचरच्या फायली काढून दिल्या. ‘तबला साथ, स्नेहसंमेलन, रु. १५१’, खाली रेव्हेन्यू तिकिटावर काकांची सही. दरवर्षी एक. १९९८ पर्यंत. त्यानंतर काहीच नाही.

“पुढे येत नव्हते का?” मी विचारलं.

“येत होते की. दरवर्षी यायचे,” हेडक्लार्क म्हणाले. “पण व्हाउचर करा म्हटलं की म्हणायचे, ‘राहू दे, पोरांना चहा पाजा.’ मग आम्हीही करायचं सोडलं.”

चाचांचा पुरावा डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे कॉलेजच्या वस्तूंच्या नोंदवहीत, मिळाला, तोही उलट्या बाजूने. ‘हार्मोनियम, नग १’ यापुढे दुरुस्तीच्या रकान्यात नोंदीच नोंदी. भाता बदलला, सूर बसवले, पट्ट्या बसवल्या, प्रत्येकीला बिल नंबर. त्याखाली ‘तानपुरा, नग २’. दुरुस्तीचा रकाना पहिल्या दिवसापासून कोरा. तानपुरा वापरात आहे आणि वर्षानुवर्षं त्याला हात लावावा लागला नाही, असं होत नसतं. तारा तुटतात, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीची जवारी, म्हणजे झणकार देणारी घडण, बसते, खुंट्या सरकतात. तो कोरा रकाना म्हणजे चाचा होते. मी त्या पानाची झेरॉक्स काढून बैठकीत ठेवली.

नाझरसाहेबांनी ती चष्मा वर करून वाचली. मग स्वतःच घटना उघडली आणि उद्देशांतलं कलम काढून दाखवलं, ‘महाविद्यालयाच्या सांस्कृतिक कार्यास साहाय्य’. “याखाली ठराव घ्या. सत्कार म्हणू नका, कृतज्ञता म्हणा. सूचक तुम्ही, अनुमोदक मी.” ज्यांनी बिदागीचं काढलं होतं ते काही बोलले नाहीत.

मग निमंत्रण. ते फोनवर द्यायचं नसतं. चाचांच्या दुकानात गेले तेव्हा छताला पंढरपूरकडून आलेले वाळलेले भोपळे टांगलेले होते आणि सगळीकडे पॉलिशचा वास. चाचा एका नव्या तानपुऱ्याची जवारी लावत होते. मान वर न करता म्हणाले, “बस की.”

मी बसले. कानशीने हाडाच्या घोडीवरून दोनदा हलकेच घासायचं, फुंकर मारायची, तार चढवायची, सुताचा धागा तारेखालून केसभर पुढे-मागे सरकवायचा, छेडायचं, ऐकायचं. परत तार उतरवायची. असं चार वेळा झालं. पाचव्या खेपेला तार नुसती वाजली नाही, तिच्यातून बारीक झणकार फुटला आणि बराच वेळ विरला नाही. “आता बोल,” चाचा म्हणाले. मला वाटलं तारेला म्हणताहेत. मला म्हणत होते.

सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, “शाल देणार व्हय?”

“हो.”

“नऊ हायत घरात. तुमच्या तानपुऱ्यांना गवसण्या शिवा. मागच्या खेपेला आणले तवा चादरीत गुंडाळलेले. माझ्या टायमाला पण चादर, तुझ्या टायमाला पण चादर.”

काकांकडे वेगळंच निघालं. मराठीच्या सरांनी मानपत्राचा मसुदा केला होता. ‘स्वरतालाचे निस्सीम उपासक’ वगैरे, आणि दुसऱ्या परिच्छेदात ‘ख्यातनाम तबलजी’. काकांनी तो वाचून शांतपणे टीपॉयवर ठेवला. “‘तबलजी’ काढा,” म्हणाले. “आमच्यात तो शब्द कुणाला आवडत नाही. आणि ख्यातनाम मी नाही. मी साथ केली. तेवढंच लिहा, साथ केली.” मी पेनने तिथेच खोडलं. सर थोडे रुसले. पण चार परिच्छेदांचं मानपत्र सहा ओळींवर आलं आणि माझ्या मते सुधारलं.

तारखेचा घोळ फार झाला नाही. नवरात्रात अंबाबाईच्या देवळात संगीत महोत्सव असतो, तेव्हा इथे साथीदार मिळणं मुश्कील, म्हणून जानेवारीतला शनिवार धरला. घोळ झाला तो जागेचा. आम्ही मैदानात मांडव घालणार होतो. पोलीस ठाण्यात अर्ज घेऊन गेले, तर तिथल्या साहेबांनी नीट बसवून सांगितलं की २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे दवाखाने, शाळा-कॉलेजं आणि कोर्ट यांच्याभोवतीचे १०० मीटर शांतता क्षेत्र धरतात. आमचं तर कॉलेजही होतं आणि समोर दवाखानाही. “मॅडम, सभागृहात घ्या, दारं लावून घ्या.” बरोबरच होतं ते. मांडववाल्याचे २ हजार इसार गेले, ते खर्चात कसे दाखवायचे यावर खजिनदार अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

कार्यक्रमाच्या दिवशी प्रमुख पाहुणे पन्नास मिनिटं उशिरा आले. तोवर दोन्ही तानपुरे स्टेजवर पंख्याखाली, नव्या गवसण्या काढून, फोटोसाठी उभे करून ठेवलेले. जानेवारीची कोरडी हवा आणि वर पंखा. ईशस्तवन म्हणणाऱ्या मुलीने तार छेडली आणि पहिल्या दोन रांगांतल्या जाणत्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. ती बिचारी खुंटी पिळायला लागली, तसं आणखी बिघडलं.

मी सत्कारमूर्तींच्या खुर्च्यांकडे पाहिलं तर चाचांची खुर्ची रिकामी. ते पायऱ्यांवरून वर चढत होते, एका हाताने गुडघा धरून. मुलीला बाजूला सरकवून ते स्टेजवर मांडी घालून बसले, प्रेक्षकांकडे पाठ करून, कारण तानपुऱ्याचं तोंड तिकडे होतं. आधी खुंट्या, मग भोपळ्यावर कान टेकून खालचे मणी. पंखे बंद करायला त्यांनी नुसता हात वर केला. सूत्रसंचालन करणाऱ्या प्राध्यापिका बाई वेळ भरून काढायला एक चारोळी म्हणायला लागल्या, तर प्राचार्यांनी खुणेनेच थांबवलं. सहा-सात मिनिटं तीनशे माणसं एका म्हाताऱ्याची पाठ बघत बसली होती. मधेच काकाही उठून गेले आणि हातोडी घेऊन त्या स्वरात तबला मिळवू लागले. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं नाही, याचं श्रेय त्यांना द्यायला हवं.

पुढचं नेहमीसारखं. शाली (चाचांची दहावी), श्रीफळ, मानपत्राच्या सहा ओळी, शनिवारवाल्याचा पडद्यावरून नमस्कार. काका दोन वाक्यं बोलले. चाचांनी माईक घेतलाच नाही.

सोमवारी नॅकचं काम बघणाऱ्या मॅडमचा फोन आला. अहवालाला जिओ-टॅग फोटो लागतात. मी पाठवलेल्यात अक्षांश-रेखांश, तारीख, वेळ सगळं होतं. “पण यात त्यांचा चेहराच दिसत नाहीये,” त्या म्हणाल्या. “पाठमोरा कशाला? शाल देतानाचा पाठवा ना.” तो पाठवला. सोबतच्या तक्त्यात ‘उत्तीर्ण झाल्याचं वर्ष’ या रकान्यात दोन ठिकाणी ‘लागू नाही’ लिहिलं. त्यांनी ते चालवून घेतलं. फॉर्मवरची लाल चांदणीही मी काढून टाकली.

पाठमोरा फोटो वार्षिक अंकासाठी ठेवला आहे. त्यात मधे तानपुऱ्यावर वाकलेले चाचा आहेत आणि अगदी डाव्या कडेला काका, हातोडी उचललेले. खाली दोघांची पूर्ण नावं दिली आहेत. छापखान्याला मेल करताना एक ओळ वेगळी टाकली : फोटो आहे तसाच घ्यावा, डावीकडून कापू नये.