सहा आठवड्यांची चिठ्ठी

बाई म्हणाली, पाय घसरला. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता, बांगलादेशातल्या कुतुपालोंग छावणीच्या टेकड्यांवर नुसता चिखल. कुणालाही खरं वाटलं असतं. पण घसरणारा माणूस तळहात टेकतो आणि मोडतं ते मनगटापाशी. एक्स-रेत हिचं करंगळीच्या बाजूचं हाड मधोमध मोडलेलं दिसत होतं. डोक्यावर येणारा फटका अडवायला हात वर केला की ते तिथे मोडतं. मराठवाड्यातल्या ग्रामीण रुग्णालयात 'न्हाणीत पडले' म्हणणाऱ्या बायकांचे असे हात मी पाहिले होते.

२०२३ चा जून. कॉक्स बझारच्या रोहिंग्या छावण्यांत रेशन फेब्रुवारीपर्यंत माणशी महिना १२ डॉलरचं होतं, मार्चमध्ये १० वर आलं, आणि आता ८ वर. नवऱ्याला बाहेर बसवलं. दुभाषी बाई रोहिंग्याच. तिने दार लोटलं तशी ही बोलू लागली.

म्यानमारच्या राखाइन प्रांतात नवऱ्याची शेती होती, बैलजोडी होती. २०१७ च्या ऑगस्टमध्ये लष्कराने गाव जाळलं, मुलं खांद्यावर घेऊन सीमेवरची नाफ नदी ओलांडली. छावणीबाहेर जाऊन काम करायला परवानगी नाही, त्यामुळे तो बसून. ही मात्र महिला केंद्रात शिवण शिकली, चार पैसे मिळवू लागली. गावी उंबरा न ओलांडलेली बाई रोज बुरखा घालून बाहेर पडायची. त्या आठवड्यात तांदूळ लवकर संपला. 'कमावतेस ना, मग आण,' म्हणत त्याने बांबू उचलला.

सहा वर्षं रिकाम्या हातांनी बसलेल्या माणसाचं काय होतं, ते मला कळतं. पण आमच्या बैठकांत 'ताण' हा शब्द फार सहज यायचा आणि त्याखाली बाईचं मोडलेलं हाड झाकलं जायचं. त्याचा मला तेव्हाही राग होता, आजही आहे.

तक्रार नको म्हणाली. 'माझी', म्हणजे त्यांचा वस्तीप्रमुख, जमवून घ्या म्हणेल आणि घरी दुप्पट मार. सुरक्षित निवाऱ्याचं सांगितलं, तर चार मुलांकडे बोट दाखवलं. मग हळूच म्हणाली, 'आपा, कागदावर लिहून द्या. या हाताने पाणी भरायचं नाही, रांधायचं नाही. डॉक्टरचं तो ऐकेल.'

प्लास्टर घातलं, चिठ्ठी लिहिली, नवऱ्याला आत बोलावून वाचून दाखवली. पाणी, भात, धाकट्याची अंघोळ, सहा आठवडे. त्याला वाचता येत नव्हतं. त्याने शिक्क्यावरून बोट फिरवलं आणि कागदाची चौघडी करून खिशात ठेवली.

सहा आठवड्यांनी दोघं आली. धाकटा त्याच्या कडेवर. तो पाणी भरतो, ती सांगत होती, पण पहाटे अंधारात, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून. मारलं का? 'नाही. अजून नाही.'

हाड छान जुळलं होतं. कटर हातात घेतला तसा तिने हात मागे ओढला. 'आपा, राहू द्या ना थोडे दिवस.'

प्लास्टर काढावंच लागलं, नाहीतर सांधा आखडतो. पण नव्या चिठ्ठीवर मी लिहिलं, आणखी सहा आठवडे वजन उचलायचं नाही. शिक्का दोनदा मारला.